आज वार कोणता?

सुट्टीवर आलेल्या दादाने रग्बीची किटबॅग उघडली आणि दुखण्यावरच्या स्प्रेचा वास आमच्या कोथरूडच्या हॉलभर पसरला. मला तो जुना सामना आठवला.

रग्बी लीगच्या निवडीच्या सामन्यात त्याचं डोकं आपटलं होतं. तो भानावर आहे का हे तपासायला संघाच्या फिजिओने विचारलं, "आज वार कोणता?" दादाने कडेला उभ्या असलेल्या माझ्याकडे पाहिलं, शाळेत उत्तर मागायचा तसं. मी ओठ घट्ट मिटून घेतले. त्याला बाहेर बसवलं.

"एक शब्द सांगायला काय झालं होतं गं?" तो रिक्षात ओरडला. तेव्हा मला त्याच्या रागाचीच भीती वाटली होती.

पुढच्या वर्षीच्या निवडीत तो लीगच्या संघात आला. प्रत्येक सामन्यानंतर मी फोनवर वार विचारते. "रविवार, डॉक्टरीणबाई!" तो चिडवतो. गेल्या वेळी मात्र उत्तराआधी तो थांबला. गंमत म्हणून थांबला की आठवत नव्हतं, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.