पोलादातली भेग

धातुशास्त्रात पीएचडी करणारा माझा एक मित्र माझ्या शेजारच्या खोलीत राहायचा. आमच्या बॅचचे बहुतेक इंजिनिअर तेव्हा सॉफ्टवेअरकडे पळाले होते. मीही पुण्यात खराडीच्या एका आयटी कंपनीत संगणकासमोर बसायचो. हा मात्र पोलादाचे तुकडे तापवत, घासत आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघत राहिला. कुणाकडे जेवायला गेला की आधी ताटावर टिचकी मारायचा. "हलकं स्टील आहे," असं यजमानीणबाईंना सांगून मग वरणभात मागायचा. त्याचं लग्न जमत नव्हतं ते काही उगाच नाही.

पीएचडीच्या तोंडी परीक्षेला मी मागे बसलो होतो. एका कारखान्यात त्याची नोकरी ठरली होती, फक्त पदवी हातात यायची होती. बाहेरून आलेले परीक्षक पोलादाच्या तुकड्याच्या एका फोटोवर खूश झाले. "या भेगेमुळे तुमचा मुद्दा सिद्ध होतो," ते म्हणाले.

"नाही होत," हा म्हणाला. "ती भेग माझ्या घाईनं पडलीय. तुकडा नीट थंड होऊ दिला नव्हता. परवा लक्षात आलं."

त्याचे गाइड छताकडे बघू लागले. प्रयोग पुन्हा करावे लागले. त्यात वर्ष गेलं आणि नोकरीही गेली.

मी चिडून म्हणालो, "अरे, गप्प बसायचंस की. कुणाला कळलं असतं?"

"मला. मी काय कुणीच नाही का?"

पुढच्या वर्षी तेच परीक्षक आले. प्रबंध मंजूर करून त्यांनी जरा धास्तीनंच विचारलं, "या वेळी काही सांगायचं राहिलंय?"

"हो," तो म्हणाला. "चहा गार होतोय. घ्या."