शांताकडे राहिलेला चौथा भाग

यजमान गेल्यापासून मी नाशिकबाहेर पडले नव्हते. या मंगळवारी गेले. त्र्यंबकच्या पुढे शाळेतली मैत्रीण शांता राहते, तिच्याकडे, एका गोष्टीचा शेवट विचारायला.

आमच्या शाळेत गोष्टीचं पुस्तक एकच आणि वाचणाऱ्या मुली चार. गुरुजींनी ते उसवलं, चार भाग करून सुईदोऱ्याने शिवले आणि एकेकीला एकेक घरी दिला. दर शनिवारी अदलाबदल. आजारी पोरासाठी पलीकडून डॉक्टर आणायला पुरात, रात्री नाव सोडणाऱ्या नावाड्याची गोष्ट होती. माझे तीन भाग झाले. चौथा शांताकडे होता. शनिवार यायच्या आत तिचं लग्न झालं आणि तो भाग तिच्या पेटीत गेला. पुढे माझीही शाळा सुटली, वाचायचं सुटलं नाही.

यजमानांना ही गोष्ट मी कितीदा सांगितली. ते दर वेळी विचारायचे, "मग, आला का परत?" दवाखान्यातही म्हणाले, "शांताला विचार की एकदा." राहून गेलं.

त्र्यंबकची एसटी नाशिकच्या सीबीएस स्टँडवरून सतत असते, बायकांना अर्धं तिकीट. सोमवार टाळा, उभं राहावं लागतं. डावीकडची खिडकी धरा, अंजनेरीचा डोंगर दिसतो. त्र्यंबकला स्टँडजवळ साबुदाणा वडा खाल्ला. तेलकट, पण चटणी चांगली. पुढे जीप, ती भरल्याशिवाय हलत नाही.

"मावशी, सरका की. अजून एक शीट बसतंय," ड्रायव्हर म्हणाला.

"कुठं, माझ्या मांडीवर?" शेजारची भाजीवाली म्हणाली. तरीही एक बसलंच.

शांता अंगणात नागली, म्हणजे नाचणी, पाखडत होती. मी कशाला आले ते ऐकून म्हणाली, "एवढ्यासाठी एसटीनं आली? लय शिकलेली तू."

"आहे का गं तो भाग?"

"सासूनं चूल पेटवली त्याच्यावर. पन मला पाठ हाय." सूप हलवत तिने सांगितलं, "डॉक्टरला काठाला उतरवतो अन् नाव बांधाया मागं जातो. सकाळी नाव सापडती. तो नाय."

"मग?"

"मग काय. संपलं." पुढे तिनेच विचारलं, "मला पहिला भाग मिळालाच नाय. आजारी पोर कुणाचं व्हतं? त्याचंच ना?"

"नाही. ज्याच्याशी त्याचं बोलणं बंद होतं, त्याचं."

सूप थांबलं. "भाकरी टाकते. तू पहिल्यापासून सांग."

नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी होईपर्यंत मी सांगत होते. शेवटच्या जीपने परतले. ती चारला सुटते, चुकवू नका.

शेवट कळला, त्याचं घरी आल्यावर विशेष काही वाटलं नाही. आठवतं ते वेगळंच. तिसरा भाग संपतो तिथे, नाव मधल्या धारेला लागल्यावर, यजमानांच्या प्रश्नासाठी मी सवयीने थांबले होते. शांता भाकरी थापत राहिली. तिने काही विचारलं नाही. तिला माहीत होतं.