पाटोद्याचा शेवट

दुधात लॅक्टोमीटर सोडायचा, तो वरखाली होऊन स्थिर होईपर्यंत समोरच्या माणसाकडे रोखून बघायचं आणि एकदम विचारायचं, "मगर उपाशी होती का जेवलेली?" ही रंगनाथअण्णांची रोजची पद्धत. समोरचा नवखा असेल तर गांगरायचा. गावातला असेल तर किटली खाली ठेवून ठासून उत्तर द्यायचा, आणि एकदा उत्तर दिलं की सोसायटीच्या कट्ट्यावरून त्याची लवकर सुटका नसे.

मी नवखा होतो. तालुक्याच्या दूध संघात सुपरवायझर म्हणून नुकताच लागलो होतो आणि मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाताना डोंगरात आत वळलेल्या या गावची दुधाची गाडी बंद करावी लागेल, असं सांगायला आलो होतो. दुष्काळाचं साल होतं. म्हशी आटल्या होत्या, निम्मी जनावरं चारा छावणीत बांधलेली होती. जे काही दूध उरलं होतं, ते फाट्यावर उभ्या राहणाऱ्या खासगी डेअरीच्या जीपमध्ये जायला लागलं होतं. जीप लवकर यायची आणि हातावर रोकडा ठेवायची. आमच्या संघाचा नियम साधा होता. गावात दोन कॅन भरले तर टेम्पो आत वळणार, नाहीतर सरळ पुढे जाणार.

हे सगळं मी अण्णांना नीट समजावून सांगितलं. अण्णा गावच्या दूध सोसायटीचे सचिव. उंच, काटकुळे, टोपी कायम मागे सरकलेली, आणि चेहरा असा की पाहणाऱ्याला वाटावं, हा माणूस आत्ताच काहीतरी चांगलं खाऊन आलाय. त्यांनी माझं सगळं बोलणं मान डोलावत ऐकून घेतलं.

"ते समदं खरं हाय सायेब," ते म्हणाले, "पण मगर उपाशी होती का जेवलेली, ते न्हाई सांगितलं तुमी."

ही मगर 'मिशन नीलम घाटी' या सिनेमातली. तुम्ही तो पाहिला नसेल तर तुमचं काही फारसं अडलेलं नाही. हेरगिरीचा सिनेमा. त्यातला नायक एजंट विक्रांत पांढऱ्याशुभ्र सुटात दरीत कोसळतो आणि सुटाला मातीसुद्धा लागत नाही. एका हाताने हेलिकॉप्टरला लोंबकळत तो दुसऱ्या हाताने भांग पाडतो. नायिकेच्या अंबाड्यात वायरलेस असतो. चहूबाजूंनी डोंगर असलेल्या तलावातून पाणबुडी वर येते. ती तिथे गेली कुठून हे कोणी विचारत नाही. आणि खलनायक डॉक्टर लोबान सोन्याच्या खुर्चीत बसून एका यंत्राने आभाळातले ढग अडवतो, म्हणजे देशात पाऊसच पडू नये. शेवटी तो स्वतःच पाळलेल्या मगरीच्या हौदात पडतो, यंत्र फुटतं, धो धो पाऊस येतो आणि नायक-नायिका भिजत गाणं म्हणतात.

हा झाला सिनेमाचा सरळ शेवट. तो मेहबूबचाचांचा. मेहबूबचाचा मोटारी आणि पंप दुरुस्त करायचे. विहिरींनाच पाणी नसल्याने त्या वर्षी त्यांच्याकडे दुरुस्तीला काही येत नव्हतं, तेव्हा एका म्हशीच्या दुधावर घर चाललं होतं. त्यांनी तरुणपणी हा सिनेमा बीडला पाहिला होता, पक्क्या थिएटरात, खुर्चीवर बसून. ही गोष्ट ते हजला जाऊन आल्यासारखी सांगत.

अण्णांनी तोच सिनेमा पाटोद्याला पाहिला होता, तंबूत, आणि त्यांचा शेवट वेगळा होता. ते साल जुन्या मोठ्या दुष्काळाचं. गावची माणसं दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडायची, वर मिळणारी सरकारी सुकडी खायची आणि आठवड्याच्या बाजाराला पाटोद्याला गेली की तंबूत घुसायची. तंबूवाल्याच्या ऑपरेटरने त्या दिवशी शेवटची दोन रिळं उलटी चढवली, शेवटचं आधी आणि त्याच्या आधीचं शेवटी. आधी मगर आली, मग पाऊस आला, 'समाप्त'ची पाटी पडली. पडद्यावरचा पाऊस बघून लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, बायका डोळे पुसत होत्या. माणसं चपला शोधायला लागली, तेवढ्यात पडदा पुन्हा उजळला आणि नुकताच मगरीच्या पोटात गेलेला डॉक्टर लोबान सोन्याच्या खुर्चीत बसून खो खो हसायला लागला. विक्रांत साखळदंडाने बांधलेला. आभाळ कोरडं ठाक. तिथेच रीळ संपलं.

"आख्खा तंबू गार पडला सायेब," अण्णा सांगायचे. "एक म्हातारी तर वरडली, मुडदा बशिवला तुजा, परत आला का बे! तुमी म्हणता पिक्चर. आरं, त्याला पिक्चर म्हणत्यात."

"त्याला रीळ उलटं लागलं म्हणत्यात," मेहबूबचाचा कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाकडून म्हणायचे. "मगरीच्या प्वाटातून मानूस इस्त्रीच्या कापडात बाहेर येतो व्हय? काय बी बोलता अण्णा!"

"तुमचा विक्रांत दरीतून इस्त्रीच्या कापडात येतो, ते चालतं. आमच्या लोबानलाच कावून अडवता?"

मग बीडवाले आणि पाटोदेवाले असे दोन पक्ष पडायचे. सिनेमा ज्यांनी जन्मात पाहिला नव्हता तेही पक्ष घ्यायचे, कारण गावात पक्षावाचून राहणं बरं दिसत नाही. मगर उपाशी असती तर तिने लोबानला गिळलंच असतं, म्हणजे बीडवाल्यांची सरशी. जेवलेली असली तर तोंडही लावलं नसतं, म्हणजे पाटोदेवाल्यांची. पाणबुडी हा चमत्कार की चूक, विक्रांत शूर की नुसता नटवा, लोबान वाईट की फक्त हुशार, यावर रोज सकाळ-संध्याकाळ रण माजायचं. कोणी कोणाचं ऐकत नसे, पण सगळे यायचे. आणि कट्ट्यावर येताना रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून किटली घेऊन यायचे.

हे माझ्या लक्षात यायला बरेच दिवस लागले. फाट्यावरची जीप रोकडा द्यायची, पण तिथे गप्पा नव्हत्या. ड्रायव्हर काच खाली करून दूध घ्यायचा आणि काच वर करायचा. इथे सोसायटीत पैसे उशिरा मिळायचे, पण काल अर्धवट राहिलेलं भांडण वाट बघत असायचं. वाद थंडावला असं दिसलं की अण्णा लॅक्टोमीटर सोडता सोडता एखादी नवी काडी टाकायचे. "बीडला आंबाडा डावीकडं व्हता का उजवीकडं?" एवढं पुरायचं. संध्याकाळी कॅनच्या झाकणावर हात ठेवून ते माझ्याकडे बघायचे. दोन कॅन जेमतेम, पण भरलेले, म्हणून गाडी बंद करायचं राहून जायचं.

एकदा मी त्यांना टेम्पोतून पाटोद्याला नेत होतो. गाडीत ऐकायला दुसरं कोणी नव्हतं म्हणून धीर करून म्हटलं, "अण्णा, रीळ उलटंच लागलं असणार हो."

"लागलंच असंल की," अण्णा बाहेर बघत म्हणाले. "मला काय कळत न्हाई? पण उलटं लागलं म्हून बरं लागलं. त्या साली आमी पडद्यावरला पाऊस बगून नाचत घरी गेलो असतो सायेब, आन् सकाळी परत खडी फोडायला बसलो असतो. त्यापेक्षा लोबान हसताना बगितला ते ब्येस झालं. सोसायटी काडायचं तवाच डोस्क्यात आलं. म्हनलं, ह्यो मुडदा परत येणार हाय, एकट्यादुकट्याचं काम न्हाई."

मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ही गाडी एकदा वळायची बंद झाली ना, की पाऊस पडल्यावर बी परत वळत न्हाई. मग म्हशी दूध देतील आन् जीपवाला म्हणंल तो भाव. तेवडं पावसापस्तोर वडायचं हाय मला." हा हसरा माणूस हसल्याशिवाय बोललेला मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

उन्हाळा मध्यावर आला असताना मेहबूबचाचांनी बाँब टाकला. बीडच्या एका दुकानात त्यांना 'मिशन नीलम घाटी'ची सीडी मिळाली होती. "आता दूध का दूध, पानी का पानी," म्हणत त्यांनी ती कट्ट्यावर नाचवली. सोसायटीच्या खोलीत टीव्ही आणला गेला. दुपारच्या उन्हात गाव लोटलं. वर्षानुवर्षांच्या वादाचा निकाल लागणार होता.

अण्णा माझ्या शेजारी उभे होते. एरवी एका जागी न ठरणारा माणूस भिंतीला टेकून होता. "निकाल लागला की लोक घरी जातेत सायेब," ते हळूच म्हणाले. तेव्हा मला समजलं, वाद मिटला की किटल्या यायच्या थांबणार आणि कॅन रिकामे राहणार. जूनला अजून अवकाश होता.

सिनेमा सुरू झाला. विक्रांतने भांग पाडला तेव्हा शिट्ट्या झाल्या. पाणबुडी आली तेव्हा मेहबूबचाचांच्याच पक्षातला एकजण म्हणाला, "आयला, हे लईच खोटं हाय की बे." शेवट आला. लोबान खुर्चीत हसला, नंतर हौदात पडला, मगरीने तोंड मिटलं. पाऊस आला. गाणं झालं. 'समाप्त'. टीव्हीवर निळा पडदा आला आणि तसाच राहिला. सगळ्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. लोबान काही उठला नाही.

बीडवाले ओरडायला उठणार, तेवढ्यात त्यांच्या म्होरक्याने, मेहबूबचाचांनी, हात वर केला. ते एकदा अण्णांकडे बघत होते, एकदा दाराशी ठेवलेल्या रिकाम्या कॅनकडे.

"थांबा बे," ते म्हणाले. "ही सीडी कापलेली हाय."

बीडवाल्यांनी वळून त्यांच्याकडे बघितलं.

"बीडला याच्यात अजून एक शीन व्हता. माला पक्कं याद हाय. म्हंजे कापलीय. कापलेल्या मालावर निकाल न्हाई लागत. लोबान मेला ह्ये माजं म्हननं कायम हाय, पण सबूत न्हाई."

एका क्षणात खोलीत पुन्हा रण पेटलं. सीडी कापली का नाही, कापली तर कोणी, मगरीचा सीन कापला की लोबानचा! भांडत भांडत माणसं घरी गेली ती किटल्या घेऊन परत भांडायलाच आली. त्या संध्याकाळी टेम्पो वळला. अण्णांनी चाचांच्या दुधात लॅक्टोमीटर सोडला, पण मगरीचं काही विचारलं नाही. नुसती त्यांच्या खांद्यावर थाप मारली.

मी नंतर चाचांना विचारलं, की हातात आलेली जीत त्यांनी का सोडली.

"जितून काय करू सायेब?" ते म्हणाले. "उद्यापासून भांडायला जीपवाल्याकडं जाऊ?"

पाऊस त्या वर्षी उशिरा आला, पण आला. म्हशी दुधाला आल्या, दोन कॅनचे चार झाले, आणि फाट्यावरची जीप दुसरा रस्ता धरून गेली. वाद मात्र थांबला नाही. मी बदली होऊन दुसऱ्या रूटवर गेलो तरी त्या बाजूला गेलो की मुद्दाम कट्ट्यावर डोकावायचो. अण्णा थकले होते, पण मगर काही सुटली नव्हती.

ते गेले ते झोपेत, पहाटेच्या दुधाच्या आधी. निरोप मिळाला तसा मी धावलो. चिता पेटल्यावर आमच्याकडे दोन शब्द बोलायची पद्धत आहे. सरपंच बोलले, संघाचे संचालक बोलले, 'सहकाराचा आधारवड' वगैरे म्हणून झालं. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून झालं. माणसं वळली आणि बाजूला काढलेल्या चपला शोधायला लागली.

तेव्हा मेहबूबचाचा पुढे आले. त्यांना आयुष्यात भाषण करताना कोणी पाहिलं नव्हतं. चितेकडे तोंड करून ते मोठ्याने म्हणाले, जसे कट्ट्याच्या त्या टोकाकडून बोलायचे तसे.

"अण्णा, तुजं खरं. पाटोद्याचाच शेवट खरा. बीडवाले हारले. सबूत-बिबूत काय नगं." मग आम्हा सगळ्यांकडे वळून म्हणाले, "चपला नगा घालू बे कुनी. पाटी पडल्यावर बी उठतो मानूस. थांबा जरा."

आम्ही थांबलो. हातात चपला घेऊन, तापलेल्या जमिनीवर, म्हातारीकोतारी, शिकलेले, संघाचे संचालकसुद्धा. कोणी हसलं नाही. मला माहीत होतं की हे वेडेपण आहे, आणि तरीही मी चितेकडे डोळे लावून उभा होतो.

बराच वेळ गेला. फाट्याकडून टेम्पोचा हॉर्न ऐकू आला. मेहबूबचाचांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं.

"चला," ते म्हणाले. "गाडी वळायची येळ झाली. कॅन भरायचेत."