पश्चिमेच्या खिडकीतला आरसा

दिल्लीतली द्वारका तेव्हा नवी होती. मेट्रोचे खांब नुकते उभे राहत होते आणि सोसायटीतली झाडं कमरेएवढी, त्यामुळे सावली नावालाही नव्हती. आमचा फ्लॅट तळमजल्यावर, बैठकीची खिडकी नेमकी पश्चिमेला. मे महिन्यात दुपारनंतर सोफ्यावर बसवत नसे. एसी घ्यावा, तर वीज भर दुपारीच जायची. शेवटी बाबांनी काच बदलायचं ठरवलं.

आईचं मत दुहेरी काचेला, तिच्यात दोन काचांमध्ये हवा कोंडलेली असते. बाबांना बाहेरून आरशासारखी दिसणारी आवडली. ऊन परतवते, असं दुकानदार म्हणाला होता. हे घर आहे की बँक, असं आईने विचारलं. पण दुहेरी काचेसाठी अख्खी चौकट बदलावी लागणार होती, म्हणून आरसा आला.

खोलीतली धग खरंच कमी झाली. शिवाय करमणूक फुकट. दिवसा बाहेरच्याला आतलं काही दिसत नसे, फक्त स्वतःचं रूप दिसे. ऑफिसला निघालेले लोक थांबून भांग पाडत, दात तपासत, पोट आत घेऊन बघत. आणि आम्ही हातभर अंतरावर चहा पीत बसलेलो. आवाज बाहेर जातो, हसू नका, असं आई स्वतः हसत बजावायची.

सोसायटीचे सेक्रेटरी तर तिथे रोज भाषणाची तालीम करत. एक बोट वर, "देखिए साहब", मग मिशीला पीळ. बाबांना ते सगळं पाठ झालं.

एका संध्याकाळी, दिवे लागल्यावर, काळोखात काच आतून आरसा झाली होती. बाबा तिच्यासमोर उभे राहिले आणि सेक्रेटरी झाले. बोट वर, नसलेल्या मिशीला पीळ. मी आणि भाऊ सोफ्यावर हसून लोळत होतो, तेवढ्यात बेल वाजली.

दारात खुद्द सेक्रेटरी, मागे फिरायला निघालेले दोन शेजारी. रात्री दिवा लागला की बाहेरून सगळं दिसतं, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. आई पाणी आणते म्हणून गेली ती बाहेर येईना. बाबा काही बोलायच्या आत सेक्रेटरी शांतपणे म्हणाले, "उंगली थोड़ी और ऊपर जाती है."

दुसऱ्या दिवशी आईने जाड पडदे शिवायला टाकले. सेक्रेटरी मात्र सकाळी यायचे थांबले नाहीत. तालीम झाली की काचेवर टकटक करत, बाबा खिडकी उघडून एखादी दुरुस्ती सुचवत. त्या वर्षी सोसायटीच्या निवडणुकीत सेक्रेटरी बिनविरोध निवडून आले.