महिपतमामांचा पाय

मानपाड्यात गाडी शिकायची तर महिपत भोईरांकडेच, असं सत्तावीस वर्षं चालत आलं होतं. सगळे त्यांना मामा म्हणायचे. माणूस तोंडाचा फटकळ, पण हाताला यश असं की टेस्टला त्यांचं कोणी सहसा नापास व्हायचं नाही. खरं तर ते यश हातात नव्हतंच, पायात होतं. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही ब्रेक आणि क्लच असतात. टेस्टच्या चढावर शिकणारा गडबडला की मामांचा पाय अलगद खाली जायचा, गाडी जागच्या जागी उभी राहायची आणि मागे बसलेल्या आरटीओच्या साहेबाला ती शिकणाऱ्याचीच करामत वाटायची. यात काही वावगं आहे असं मामांच्या मनातही कधी आलं नाही. उलट गरिबाचा एक खेटा वाचवला म्हणून ते खुशीत असायचे.

गावातल्या सुदेशलाही त्यांनी असाच पास केला. वर्षभराने शीळफाट्याच्या पुलावर चढाला त्याची गाडी मागे घसरली, त्याला ती आवरली नाही, आणि मागून ट्रेलर येत होता. मामा मयताला गेले, खांदा दिला आणि घरी आले. त्यानंतर त्यांना नीट झोप म्हणून लागली नाही.

आठ महिन्यांनी सुदेशची बायको भाविका दारात उभी राहिली. डबे पोचवायच्या टेम्पोवर काम मिळत होतं, लायसन हवं होतं.

"मामा, यांना पहिल्याच टेस्टला पास केलेलंत ना? तसंच मलापण करा."

तेव्हाच सांगून टाकावं असं मामांना वाटलं, पण जीभ उचलेना.

टेस्टच्या दिवशी चढावर गाडी मागे सरकू लागली. मामांचा पाय सवयीने ब्रेककडे गेलाच होता. त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा मागे ओढून धरला. गाडी मागच्या दगडाला टेकून बंद पडली. साहेबाने फुली मारली.

बाहेर आल्यावर भाविका भडकली. "नुसते बघत बसलात तुम्ही! यांच्या वेळेला तर…"

"त्याच्या वेळेला ब्रेक मी मारलेला," मामा म्हणाले. "त्याला चढावर गाडी धरता येत नव्हती, पोरी. मला माहीत होतं. तरी पास केला मी त्याला."

ती रडली नाही, ओरडलीही नाही. रिक्षा केली आणि निघून गेली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मामांना वाटत राहिलं.

चौथ्या दिवशी सकाळी सातला ती आली. सीटवर बसली, पट्टा लावला, आरसा नीट केला.

"चढावर घ्यायचीय," ती समोर बघत म्हणाली. "तुम्ही पाय वर घेऊन बसा."

मामांनी चपला काढल्या आणि सीटवर मांडी घातली. ती शिकली, पुढच्या टेस्टला स्वतःच्या पायावर पास झाली. पण त्यांना मामा म्हणून तिने पुन्हा कधी हाक मारली नाही.