न जमलेला बोलपट

नरहरी गेल्याचा सांगावा आला तेव्हा मी राजूरच्या बाजारात भाजी घेत होतो. सांगणाऱ्याकडं बघून मी आधी हसलोच. नरहरीचं नाव निघालं की हसायची सवय होती आम्हाला... मग पिशवी तिथंच टाकून निघालो.

आम्ही दोघं पिंपळगाव रेणुकाईचे. ब्रह्मदेशच्या लढाईतून तो परतला ते डोक्यात एकच खूळ घेऊन. लढाईवर हसायचा बोलपट काढायचा! "रडायला काय, समदेच रडून राह्यले," म्हणायचा. देवीच्या यात्रेत सोंगं निघतात, तिथं त्यानं आधी करून बघितलं. त्याचा शिपाई डाव्या पायातला बूट उजव्यात घालायचा, खेचराला सलाम ठोकायचा, गोळी लागून धाडकन पडायचा आणि टाळ्या झाल्या की धूळ झटकत उठायचा. लोक पोट धरून हसले. हा शिपाई म्हणजे आमच्याच गावचा सोपान, नरहरीबरोबर भरती झालेला, अगदी तसाच वेंधळा. तो तिकडं लढाईत नरहरीच्या शेजारीच गोळी लागून पडला होता... उठला मात्र नव्हता.

सोपान गेल्याची तार आली होती, पण त्याच्या आईनं, भागीरथीमावशीनं, ती मानलीच नव्हती. सोंग बघून दुसऱ्या दिवशी ती नरहरीच्या दारात हजर. "तू त्याच्यासंगं व्हता. तूच दावलं, त्यो उठला म्हणून. मंग कवा येतो?" नरहरी तिला हाताला धरून घरापर्यंत सोडून आला.

पुढं जालन्याला सिनेमा कंपनीचा एक माणूस आला. गोष्ट ऐकून खूश झाला, फक्त म्हणाला, शेवटी शिपायाला उठवा. नरहरी तिथून चालता झाला. मी भडकलो, "हातचं घालवलंस की रे!"

"मावशीला तिचा सोपान आनखी एकदा उठवून दावू का?"

"मंग खरं सांगून टाक तिला."

"रोज जातो. तोंडातून निघतच न्हाई."

सोंग सुटलं. कुठं चारजण हसले तरी तो दचकून मागं बघायचा, कुणी उठलं की काय म्हणून.

तापानं गेला. मी पोचलो तेव्हा त्याला अंगणात ठेवलेलं, बायका रडत होत्या, आणि मावशी पायाशी बसलेली. "रडू नका गं," ती म्हणाली, "टाळ्या वाजवा. उठंल त्यो."

कुणी वाजवेना. तिनं एकटीनंच वाजवल्या... बराच वेळ. मग हात थांबले. "म्हंजी माझा सोपान बी..." एवढं बोलून तिनं असा हंबरडा फोडला की मला नरहरीचा रागच आला.

दहाव्याला ओढ्याच्या काठी पिंड दोन ठेवले. एक नरहरीचा. दुसरा मावशीनं आपल्या हातानं वळला होता.