विरजण मागणाऱ्या काकू

विरजणकाकूंच्या फ्रिजमध्ये दह्याची निदान तीन भांडी असत, तरी हातात रिकामी वाटी घेऊन त्या आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत कुणाचंही दार वाजवायच्या. कुठल्याही घरातून मुलाला मारल्याचा आवाज आला की पाच मिनिटांत काकू दारात. चमचाभर विरजणाला नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत नाही. रागावलेली आईसुद्धा आत जायची, फ्रिज उघडायची, चमचा शोधायची. तेवढ्यात काकू मुलाशेजारी जमिनीवर बसलेल्या असत.

इमारतीत हे सगळ्यांना माहीत होतं, आणि माहीत आहे असं कुणी दाखवत नसे. फक्त काकांना आठवड्यातून तीनदा कढी खावी लागायची. ‘आज कुणाकडची?’ एवढंच ते विचारायचे.

काकूंनी आयुष्यभर बालवाडी चालवली होती, पण त्या मोठ्यांना कधी शिकवायला गेल्या नाहीत. त्या आईला विचारायच्या, आज उशीर झाला का गं, गाडी चुकली का, चहा टाकू का. मला म्हणायच्या, “उठलेला हात पुष्कळदा दमलेला असतो. आधी त्याचं दमणं कमी करायचं.” पुष्कळदा, नेहमी नाही. बाजूच्या विंगमधली एक मुलगी घरातला एक माणूस जिन्यात दिसला की भिंतीला चिकटून उभी राहायची. तिथे काकूंनी वाटी नेली नाही. मुलांच्या हेल्पलाइनला फोन केला आणि चौकशीला माणसं आली तेव्हा त्या मुलीचा हात धरून बसून राहिल्या. “तिथे दही मागत बसणं पाप होतं,” असं त्या नंतर म्हणाल्या. त्याबद्दल त्या एवढंच बोलल्या.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी एकदा म्हणाले की हे ज्याचे त्याचे घरगुती प्रश्न आहेत. काकू बसल्या जागेवरून शांतपणे म्हणाल्या, “तुमच्या बाथरूमचं पाणी खालच्या घरात गळलं, तेव्हा नाही म्हणालात घरगुती.” लोक हसले. त्याच मीटिंगमध्ये चार घरं ठरली. शाळेची व्हॅन येते तेव्हापासून आईबाप कामावरून येईपर्यंत, मुलांनी त्या घरांत खुशाल येऊन बसायचं. त्यातलं एक घर आमचं होतं, कारण मी घरून काम करते. मला कुणी विचारलं नव्हतं. मी मीटिंगमध्ये तोंड उघडत नाही हे काकूंना माहीत होतं, त्यांनी परस्पर माझं नाव सांगून टाकलं.

आमच्या वरच्या मजल्यावर प्रियाताई आणि त्यांची सात वर्षांची ईशा राहायच्या. नवरा कामानिमित्त बाहेरगावी, महिन्यातून दोनदा यायचा. प्रियाताई ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये नोकरीला, त्या येईपर्यंत ईशा आमच्याकडे बसायची. रात्री साडेआठच्या सुमारास वरून फूटपट्टीचा आवाज यायचा. ईशा रडताना आवाज दाबायची, ते जास्त ऐकू यायचं. काकू वाटी घेऊन जायच्या, तो दिवस निभायचा. एका आठवड्यात काकू लग्नाला गावी गेल्या होत्या आणि आवाज तीन दिवस लागोपाठ आला. वर जाऊन बेल वाजवायचं धाडस मला झालं नाही. मी मला जमतं ते केलं. सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इंग्रजीत चार परिच्छेद लिहिले. नाव टाकलं नाही, फक्त मजला टाकला.

नाव काढायला ग्रुपला दहा मिनिटंही लागली नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून ईशा आमच्याकडे यायची बंद झाली. व्हॅनमधून उतरली की गळ्यातल्या किल्लीने दार उघडून एकटी आत जायची. वरचा टीव्ही मोठ्याने लागायला लागला. आता आत काय चाललंय, कुणालाच कळेना. काकू गावाहून आल्या, वाटी घेऊन वर गेल्या. प्रियाताईंनी जाळीच्या दारातूनच सांगितलं की आम्ही दही लावणं सोडलंय.

काकू तशाच आमच्याकडे आल्या. मला वाटलं, ओरडतील. म्हणाल्या, “तू खोटं काही लिहिलं नाहीस. पण ते पोर आता दाराच्या आत एकटं आहे, आणि दार मलाही बंद झालंय. जा, तोंडाने सांग तिला.”

मी वाक्यं पाठ करून गेले. जाळीपुढे एकही आठवलं नाही. “माझं चुकलं,” एवढंच म्हटलं. “झालं?” प्रियाताई म्हणाल्या आणि आतलं दार लावलं.

पुढचं काकूंनी केलं. सकाळी रिक्षाच्या रांगेत त्या प्रियाताईंच्या मागे उभ्या राहायला लागल्या. त्यांना जायचं कुठेच नसायचं, स्टेशनपर्यंत जाऊन भाजी घेऊन यायच्या. पाचव्या-सहाव्या दिवशी प्रियाताई आपण होऊन बोलल्या. फूटपट्टी अभ्यासावरूनच निघायची. ईशाचं पुस्तक इंग्रजी, प्रियाताईंचं शिक्षण गावाकडच्या मराठी शाळेतलं. मुलगी विचारायची, आईला सांगता यायचं नाही, आणि त्या न येण्याचा राग मुलीवर निघायचा. काकू म्हणाल्या, खालची पोरगी बोलत नाही, पण इंग्रजी चांगलं आहे तिचं. “ती परत ग्रुपवर टाकेल,” प्रियाताई म्हणाल्या. काकूंनी सांगितलं, “मग माझं नाव टाक तू ग्रुपवर. मीच ईशाला तिच्याकडे पाठवलं होतं म्हण.”

ईशा वही घेऊन आली. पहिले दोन दिवस आम्ही दोघीही गप्प होतो, त्यामुळे आमचं जमलं. फूटपट्टीचा आवाज कमी होत गेला. बंद झाला असं मी म्हणणार नाही, पण काकूंना वर जाळीच्या आत घेतलं जाऊ लागलं.

यंदा काका-काकू ठाण्यात माजिवड्याला मुलाकडे राहायला गेले. निघताना त्यांनी मला कसलाही उपदेश केला नाही, फ्रिजमधलं सगळं दही मात्र दिलं. आठवडाभर आमच्याकडेही कढी होती. त्या नव्या सोसायटीतही वाटी घेऊन फिरत असणारच. फोनवर म्हणतात, इथे लोक दहीच पाकिटातलं आणतात गं, आता साखर मागते.

गेल्या बुधवारी रात्री आठ वाजता बेल वाजली. दारात प्रियाताई, ऑफिसच्या कपड्यांत, ईशाचं मनगट घट्ट धरलेलं. ईशा रडत नव्हती, आईकडे बघत होती.

“हिला घे थोडा वेळ,” प्रियाताई म्हणाल्या. “माझा हात उठणार आज.”

ईशा आत आली. प्रियाताई जायला वळल्या, आणि मी काही ठरवायच्या आत बोलून गेले होते, “तुम्हीही या ना.”

त्या परत वळल्या. मग चपला काढल्या.